पाठमोरी शाळा

पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं आणि लोहाराच्या दाराशी रीघ लागते. त्या वर्षी तर आभाळानं दगाच दिला. जमीन इतकी टणक झाली की सकाळी टोक काढून नेलेला फाळ दुसऱ्या दिवशी बोथट होऊन परत यायचा. भट्टीसमोर फाळ, कुदळी, पहारी यांची रास पडली होती आणि ज्याचं त्याचं म्हणणं एकच, आधी माझं.

लोहार ऐरणीच्या अलीकडे बसायचा. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडा. पलीकडे त्याची बायको घण घेऊन उभी. कमरेला फडकं घट्ट बांधलेलं, दंड पुरुषासारखे भरलेले, कपाळावर घामाचे आणि काजळीचे ओघळ. गाव तिला लोहारीण म्हणायचं. तिची म्हातारी सासू कोपऱ्यात बसून भाता ओढायची आणि भात्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर कुणाला तरी शिव्या द्यायची.

काम चालू असताना नवरा-बायकोत शब्द नसायचा. भात्याच्या घरघरीत आणि लोखंडाच्या दणदणाटात ऐकू काय येणार, कपाळ? लोहार लाल लोखंडावर हातोड्यानं जिथे टिचकी मारेल, तिथे तिचा घण पडायचा. त्यानं हातोडा नुसत्या ऐरणीवर आडवा टेकवला की थांबायचं. तिनं नजर त्याच्या हातावर ठेवायची आणि त्यानं हात तिच्या नजरेसमोर ठेवायचा, एवढाच करार होता. लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती आणि अजून त्याची दहाही बोटं जागेवर होती.

त्या दिवशी उन्हं नुकती चढली होती, तोच त्यांची मुलगी चिमी दप्तर घेऊन अंगणात उभी राहिली. चिमी नऊ वर्षांची. तीन वर्षांची असताना तापात कान गेले. अगदी ठार नाही. जवळून, समोरून, ओठ दिसतील असं बोललं तर तिला कळायचं. बोलायचीही ती, शब्दांच्या कडा जरा बोथट व्हायच्या इतकंच. गावानं मात्र ‘बहिरी’ असं नाव ठेवून विषय संपवला होता.

लोहारणीनं घण खाली टेकवला. मुलीसमोर उकिडवी बसली. “शाळा सुटली?”

चिमीनं मान हलवली. “मीच सुटले. बाई म्हणाल्या, घरी जा.”

“का?”

“साहेब येणार.”

महिन्यात तिसऱ्यांदा. मागच्या वेळी कान दुखत असेल म्हणून पाठवलं होतं, त्याच्या आधी अर्धी सुट्टी म्हणून. लोहारणीनं रस्त्याकडे पाहिलं. एकही दुसरं पोर रस्त्यावर नव्हतं.

“आलेच,” ती म्हणाली.

“अगं, लोखंड तापलंय!” लोहार ओरडला.

“माझं डोकंही तापलंय,” म्हणत ती मुलीचा हात धरून चालू लागली. मागून सासू म्हणाली, “जा, जा. लोखंड परत तापवता येतं.”

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यावर चढायला चार पायऱ्या. भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत काहीतरी नवीन रंगवलेलं होतं. लोहारणीला अक्षर येत नव्हतं. “काय लिहिलंय गं?”

चिमीनं बोट फिरवत वाचलं, “शाळा… सर्वांसाठी.”

खिडकीशी दोघी थांबल्या. आत बावन्न पोरं, दोन इयत्ता एकाच खोलीत. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता बोलतही होत्या. बोलणं सगळं फळ्याला ऐकवत होत्या म्हणा ना. लिहून झालं, हात झटकला, पुस्तकात डोकं घातलं आणि पुढचं बोलणं पुस्तकाला. अगदी शेवटी, मोडक्या बाकांच्या ढिगाशेजारी एक रिकामं बसकर पडलं होतं.

“तुझी जागा कुठली?”

चिमीनं त्या बसकराकडे बोट केलं.

लोहारणीनं कान देऊन ऐकलं. इथून तिला स्वतःला, दोन धड कान असून, बाईंचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. चार वर्षं आपण पोरीची वेणी घालून, दप्तर भरून तिला या भिंतीकडे पाठवत होतो, आणि संध्याकाळी ‘काय शिकलीस’ म्हणून विचारत होतो. ती गप्प राहिली की चिडतही होतो. तिला स्वतःची लाज वाटली आणि मग त्या लाजेचा राग झाला.

हेडमास्तर ऑफिसात पंख्याखाली बसले होते. गृहस्थ गोड बोलणारे. कुणाला नाही म्हणायचं असलं की आधी ‘बसा’ म्हणायचे.

“बसा.”

“काजळी लागेल खुर्चीला. माझी पोर घरी का धाडली?”

“हं. ते असं आहे,” त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. “तुमची मुलगी नियमानं वर्गात नाहीच. तिचं घरी राहून शिक्षण चालू आहे.”

“कुणाच्या घरी?”

“तुमच्याच. हा बघा तुमचा अंगठा. संमती आहे तुमची.”

लोहारणीनं कागदाकडे पाहिलं. अंगठा तिचाच होता. तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा आडवा व्रण होता, तो कागदावरही उमटलेला. तिला तो दिवस आठवला. चिमीला कानाचं यंत्र मिळालं तो दिवस. ‘मिळालं म्हणून इथे अंगठा करा,’ असं सांगून एकाखाली एक दोन कागद पुढे सरकवले होते. यंत्र अकरा दिवस चाललं. बारीक शिट्ट्या मारायचं, भट्टीजवळ तर पोर कान धरून रडायची. मग त्यातला सेल संपला आणि नवा सेल कुठे मिळतो हे कुणालाच सांगता आलं नाही. यंत्र डबीत गेलं. दुसरा कागद मात्र इथे कपाटात मजेत जिवंत होता.

“मी यंत्राची पोच म्हणून अंगठा दिला होता.”

“वाचून द्यायचा ना.”

हे म्हणताना ते हसले. तिला अक्षर येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“आणि घरी शिकवतं कोण?”

“फिरती शिक्षिका. आठवड्यातून दोनदा येते. नोंद आहे.”

“एकदाच आली. चिमीला ऐरणीजवळ उभं केलं, पाटी हातात दिली, फोटो काढला, पाणी प्याली आणि गेली.”

“नोंद दोनदाची आहे,” हेडमास्तर शांतपणे म्हणाले. “तरी आम्ही तिला वर्गात बसू देतो, ते माणुसकी म्हणून. साहेब आले की मात्र कागदात घरी असलेली मुलगी वर्गात कशी दिसेल? आता पुढच्या आठवड्यात बक्षिसाची मोठी तपासणी आहे. तोवर पाठवूच नका. तिलाही विश्रांती.”

“ती काय नांगर ओढते, विश्रांती घ्यायला?”

ती बाहेर पडली तेव्हा ओट्यावर बाई उभ्या होत्या. वय कोवळं, डोळ्यांखाली काळं. हळूच म्हणाल्या, “ताई, माझ्यावर रागावू नका. बावन्न मुलं आहेत. अशा मुलांना कसं शिकवायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.”

“मलाही नव्हतं शिकवलं,” लोहारीण म्हणाली. “पोटची पोर ऐकत नाही म्हटल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले. एवढंच केलं.”

बाईंचा चेहरा पडला. लोहारणीला वाईटही वाटलं, पण जिभेवरून गेलेलं परत कुठे घेता येतं?

घरी लोहारानं सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. तो माणूस लोखंडाशी वाघ आणि माणसांशी गाय. “हे बघ, शाळेच्या समितीचे अध्यक्ष आपले अण्णा. भट्टीखालची जागा त्यांची. त्यात आज सकाळीच ते काम सांगून गेलेत. शाळेच्या पायऱ्यांशेजारी गवंड्यानं उतार केलाय ना, त्याला लोखंडी कठडा हवाय. तपासणीच्या आत.”

“उतार कशाला?”

“अपंग मुलांना चढता यावं म्हणून.”

“शाळेत अपंग मूल कोण आहे?”

 सासूनं भाता सोडला आणि खदखदून हसली. “बहिऱ्या पोरीला हाकलून लंगड्यासाठी रस्ता. आणि लंगडं तर गावात नाहीच!”

“आई, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं.”

“मासा मोठा झाला की पाणी आपलं नसतंच रे, बाबा, मग भ्यायचं कशाला?”

कठडा करायला पाच दिवस लागले. दिवसा शेतकऱ्यांचे फाळ आणि उरल्या वेळात शाळेच्या कठड्याचे पोकळ लोखंडी नळ. नळ तापवायचा, वाकवायचा, टोक ठोकून बंद करायचं, पोराच्या हाताला लागू नये म्हणून कानस मारून कडा मोडायच्या. लोहारीण कानस मारत होती आणि मनात जळत होती. आपल्या पोरीला ज्या दारात मज्जाव, त्या दाराला आपणच कठडा घडवायचा. काम मात्र तिनं वाईट केलं नाही. लोखंडाचा काय गुन्हा? अंगठ्यानं चाचपून प्रत्येक कड गुळगुळीत केली.

बसवायला तीन दिवस. लोहार खड्डे खणत होता, ती नळ धरून उभी आणि चिमी उतारावर बसून खिळे-पाने हातात देत होती. वर्गाचं दार समोरच. पहिल्या दिवशी लोहारणीचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला दिसलं की चिमी मध्येच पाना द्यायला विसरते. तिची नजर दारातून आत असायची. बाई वर्गाकडे वळल्या की पोर पुढे झुकायची, ओठ हलवायची, जमिनीवर बोटानं आकडे लिहायची. बाई फळ्याकडे वळल्या की तिचे खांदे पडायचे. पुन्हा बाई वळल्या की पुन्हा मान वर. लोहारीण हातातला नळ विसरून बघत राहिली. पोरीला डोकं होतं, भूक होती, सगळं होतं. समोरची पाठ तेवढी आड येत होती.

तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. “बघा.”

लोहारानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कुदळ उचलली आणि इतक्या जोरात मारली की उताराचा टवका उडाला. 

तपासणीच्या दिवशी सकाळी शेवटचे दोन बोल्ट आवळायचे राहिले होते, म्हणून ती तिघं शाळेत होती. अंगणात पाणी शिंपडलेलं, पोरांची डोकी तेलानं चापून बसवलेली. अध्यक्ष पांढरेशुभ्र कपडे घालून ये-जा करत होते. साहेबांची गाडी रस्त्याला लागली असा निरोप आला आणि हेडमास्तरांच्या एकदम लक्षात आलं की उतार आहे, कठडा आहे, फोटोवाला आहे, पण उतारावरून चढणारं कुणी नाही.

ते लगबगीनं लोहारणीकडे आले. आवाज लोण्यासारखा. “बरं झालं तुम्ही आहात. मुलीला जरा तोंड धुऊन आणा. साहेबांसमोर तिनं कठडा धरून उतारावरून वर यायचं. फोटो काढू.”

लोहारणीला वाटलं, सुटलो. “म्हणजे वर्गात घेताय तिला?”

“ते नंतर बघू हो. आता एवढं करा.” मग ते अजून जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तिला सांगा, जरा लंगडत चाल.”

तिला वाटलं आपल्याच कानांनी दगा दिला. “काय?”

“लंगडत. फोटोपुरतं. नाहीतर उताराचा अर्थ लागत नाही.”

“तिचे पाय धड आहेत.”

“ते मला माहीत नाही का? पण कानाचं अपंगत्व फोटोत दिसत नाही ना.”

अध्यक्षही आले. “अगं, चार पावलांचा तर प्रश्न आहे. पोरीचं काय झिजणार आहे? शाळेला बक्षीस मिळालं तर गावाचंच नाव.”

लोहारणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पाना हातात धरून खाली बघत होता. तिनं चिमीकडे पाहिलं. आणि घात असा, की चिमीनं हेडमास्तरांचे ओठ पाहिले होते. पोर कठड्याला धरून एक पाय ओढत दोन पावलं चालली आणि आईकडे बघून म्हणाली, “असं? असं केलं की आत घेणार?”

लोहारणीच्या डोक्यात घण पडला. ऊन, गर्दी, अंगणात शिरलेली गाडी, तिला काही दिसेना. तिनं पोरीचा दंड धरला, तिला सरळ उभं केलं आणि समोर बसून ओठ दाखवत म्हणाली, “पाय ओढायचा नाही. सरळ चाल. ताठ.”

दोघी उतारावरून ताठ वर गेल्या. साहेब गाडीतून उतरून हे बघतच होते. फोटोवाल्यानं सवयीनं बटण दाबलं. लोहारीण वर्गात शिरली, पहिल्या रांगेत बाईंच्या समोर दोन पोरांच्या मध्ये जागा करून तिथे चिमीला बसवलं, आणि बाजूला उभी राहिली. मागोमाग साहेब, अध्यक्ष, हेडमास्तर अशी वरात आत आली.

“या कोण?” साहेबांनी विचारलं.

“पालक आहेत साहेब, जरा भावनिक—” हेडमास्तर म्हणाले.

लोहारणीनं साहेबांकडे पाहिलं. मग वळली आणि त्यांच्याकडे पाठ करून, फळ्याला नाक लावून बोलू लागली. हळू आवाजात, भरभर. बावन्न पोरांची कुजबुज चालूच होती. तिनं बरंच काही सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं, फिरत्या बाईचं सांगितलं, लंगडत चालायचं सांगितलं. पोरं आधी हसली, मग गप्प झाली.

“अहो, काय म्हणताय? इकडे तोंड करून बोला,” साहेब वैतागून म्हणाले. “कळत नाही काही.”

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. “एवढ्यात वैतागलात? माझी पोर चार वर्षं वैतागली नाही. आमच्या भट्टीत, साहेब, ज्याला काम सांगायचं त्याच्यासमोर उभं राहून सांगतात. पाठ फिरवून सांगितलं तर घण हातावर पडतो. इथे हात कुणाचाच तुटत नाही, म्हणून तुमचं चालतंय.”

 साहेबांनी घसा साफ केला. माणूस वाईट नसावा. त्याचे कान लाल झाले होते. पण गाडी चालू होती आणि अजून तीन शाळा करायच्या होत्या. “ठीक आहे. तुम्ही एक अर्ज द्या. चौकशी करू,” असं म्हणून ते बाहेर पडले. उतारावर थांबून त्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “काम छान केलंय.”

गाडी गेल्यावर अध्यक्ष लोहारावर तुटून पडले. बायकोला वेसण घाल, नाहीतर जागा खाली कर. हेडमास्तर म्हणाले, उद्यापासून मुलगी आवारातसुद्धा नको. लोहारानं सगळं खाल मानेनं ऐकलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. लोहार बसला, सासू भात्याला बसली, लोखंड लाल झालं. घण भिंतीला तसाच उभा. लोहारीण चिमीची वेणी घालत होती.

“येतेस ना?” लोहारानं विचारलं.

“नाही. शाळेत चाललेय. तिचं नाव पटावर येईपर्यंत ओट्यावर बसणार. घण त्यानंतर.”

“अगं, हंगाम आहे! गाव जिवावर उठेल.”

“उठू दे. माझी पोर चार वर्षं मागे बसली, त्यांचे फाळ चार दिवस बसतील.”

 लोहारानं लोखंड विस्तवातून बाजूला काढून ठेवलं.

ती शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली, चिमी शेजारी. आत जायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं बसायचं. हेडमास्तरांनी आधी दुर्लक्ष केलं, मग शिपायाला पाठवलं, मग स्वतः येऊन ‘बसा’ म्हणायच्या ऐवजी ‘उठा’ म्हणाले. ऊन ओट्यावर आलं की ती भिंतीकडे सरकायची. पाठ शिणली, पाय बधिर झाले. घण मारण्यापेक्षा बसणंच जड गेलं. येणारे-जाणारे बोलून जायचे. कुणी म्हणालं, बाईला माज आलाय. कुणी म्हणालं, बहिरी पोर शिकून काय कलेक्टर होणार? एक जण तर मुद्दाम चिमीसमोर तोंड वेंगाडून गेला. तिला कळतं, हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासू जेवणाचं फडकं घेऊन काठी टेकत आली. बसली, दम घेतला आणि मिटक्या मारत बातमी सांगितली.

“अण्णा स्वतः आपला सालगडी घेऊन आला घण मारायला. म्हणे, बाईवाचून अडतंय का? गडी हा एवढा दांडगा. पहिला घण ऐरणीच्या कडेला. दुसरा तुझ्या नवऱ्याच्या बोटापासून एवढ्या अंतरावर.” तिनं नखभर अंतर दाखवलं. “गड्याचं लक्ष कुठे? अण्णाकडे! शाबासकी मिळतेय का बघत होता. तुझा नवरा उठला. मी म्हटलं, आता हा पाया पडणार. तर म्हणतो कसा, अण्णा, मला माझ्या हाताकडे बघणारं माणूस लागतं. ते शाळेच्या ओट्यावर बसलंय. तुम्हीच बसवलंय. जागा हवी तर घ्या, ऐरण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी जाईन. पण मग फाळ तुम्ही दातानं घासा.”

“ते बोलले असं?”

“शेवटचं दाताचं मी जोडलं. बाकी त्याचंच.”

 

चौथ्या दिवशी शेतकरी हेडमास्तरांकडे आले. पंधरा-वीस जण, खांद्यावर बोथट फाळ. त्यातल्या एकानंही चिमीचं नाव काढलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की आज ना उद्या पाऊस येईल आणि तेव्हा जमीन तयार नसली तर खायचं काय? एका पोरीचं नाव लिहायला तुमची शाई संपते का? लिहा आणि बाईला मोकळी करा. गर्दीच्या मागे अध्यक्ष होते. त्यांच्या नोकराच्या खांद्यावर तीन फाळ होते.

ओट्यावर बसून लोहारीण हे ऐकत होती आणि तिचा आनंद आतल्या आत आंबत होता. पोरीचा हक्क म्हणून कुणाला पाझर फुटला नव्हता. फाळाची धार गेली तेव्हा गावाला शाळा आठवली.

हेडमास्तरांनी जुना कागद फाडला नाही. त्यावर एक तिरपी रेघ मारली आणि पट उघडून नाव लिहिलं. चिमीनं शेजारी उभं राहून एकेक अक्षर वाचलं आणि आईकडे बघून मान डोलावली. मगच लोहारीण उठली. गुडघे कडकड वाजले.

“झालं ना मनासारखं?” हेडमास्तर म्हणाले. “आम्ही मोठ्या मनानं घेतलं, बरं का. निदान आभार तरी माना.”

“कशाचे? तुमच्या घरचं काही दिलंत?” ती म्हणाली. “तिचंच होतं, तेच तुम्ही दाबून ठेवलं होतं.”

आणि ती घण मारायला गेली. संध्याकाळपर्यंत बावीस फाळ झाले. अध्यक्षांचे तीन तिनं ओळीत शेवटी लावले आणि ओळ मोडू दिली नाही.

उन्हं उतरताना चिमी आली. दप्तर अंगणात आपटलं, गाल फुगलेले, नाक लाल.  लोहारानं हातोडा ऐरणीवर आडवा टेकवला. लोहारणीनं घण टाकला आणि पोरीसमोर बसली.

“काय झालं? पुन्हा मागे बसवलं?”

“नाही. पुढेच.”

“मग कुणी काही बोललं?”

“बाई बोलल्या. सगळ्यांसमोर.”  तिनं बाईंसारखा हात कमरेवर ठेवला आणि शब्दन् शब्द म्हणून दाखवला, “सात सक्कं अठ्ठेचाळीस? लक्ष कुठे आहे तुझं? इकडे बघ माझ्याकडे. सातचा पाढा दहा वेळा लिहून आण, नाहीतर उद्या उभी राहशील.”

लोहारीण तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चार वर्षांत पोरीला शाळेत कुणी मारलं नव्हतं, रागावलं नव्हतं, एक गणित चुकलं म्हणूनही सांगितलं नव्हतं. चूक काढण्याइतकीसुद्धा तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

“काय?”

“बाई काय म्हणाल्या ते. सगळं. पुन्हा म्हणून दाखव.”

चिमी रडवेली होऊन पुन्हा सांगू लागली. लोहारीण काजळीच्या हातांनी डोळे पुसत हसत होती.